तळ्यातल्या मोटारीचं लाइट बिल

मोटार रिवायंडिंगच्या दुकानात दोन गोष्टी साठत जातात. जळकी तांब्याची तार आणि किस्से. तार न्यायला महिन्याच्या महिन्याला भंगारवाला येतो. किश्शांना असा कुणी येत नाही. ते तसेच पडून राहतात आणि कुणी निवांत बसलं की एकेक करून बाहेर येतात.

शिरूरला माझं दुकान आहे, सव्वीस वर्षं झाली. पूर्वी आमच्याकडं फक्त विहिरीवरच्या आणि बोअरच्या मोटारी यायच्या. दोन माणसांनी उचलून आणाव्या लागायच्या अशा. मग रांजणगावला कंपन्या वाढल्या, इकडं तिकडं बंगले झाले, बंगल्यापुढं बागा आल्या, आणि बागेत तळं आलं. तळं म्हणजे चार बाय सहाचा खड्डा, त्यात एखादं कमळ, पाच-सहा लाल मासे, आणि पाणी फिरतं ठेवायला तळहातावर मावेल एवढी मोटार. ही मोटार लोक पिशवीत घालून आणतात, माझ्या टेबलावर ठेवतात, आणि दुरुस्तीचं बोलायच्या आधी प्रत्येकजण एकच विचारतो.

"मिस्त्री, हिला लाइट किती लागती?"

* * *

पहिलं तळं बघितलं ते वरवंडच्या गुरुजींचं. गुरुजी म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर. गणित शिकवायचे. माझ्या थोरल्या भावाला त्यांनी शिकवलंय, म्हणून मलाही ते अरे-तुरेच करतात.

एकदा त्यांचा फोन आला. "लाइट बिल तिप्पट झालंय. फ्रिज बघायला ये."

मी म्हणालो, "गुरुजी, मी मोटारवाला. फ्रिजमधलं मला काय कळतं?"

"तू ये तर."

गेलो. घरात शिरलो तर फ्रिज बंद, दार उघडं, आत वर्तमानपत्रं रचलेली. हॉलमधला पंखा बंद. बाई म्हणजे गुरुजींच्या मिसेस पदरानं वारा घेत बसलेल्या. सहा महिने हेच चाललं होतं. आधी गिझर बंद केला, मग फ्रिज, मग दुपारचा पंखा. तरी बिल उतरायचं नाव घेत नव्हतं.

तेवढ्यात मला बाहेरून ओळखीचा आवाज आला. या आवाजावर माझं पोट आहे, त्यामुळं चुकायचा प्रश्नच नव्हता. बाहेर जाऊन बघतो तर अंगणात सुंदर कमळाचं तळं, आणि कडेला विटांच्या घरट्यात शेतातली जुनी एक हॉर्सपॉवरची मोनोब्लॉक मोटार घरघरतेय. कारंजं फार उंच उडायला लागलं म्हणून गुरुजींनी व्हॉल्व्ह पाऊण बंद केला होता. सकाळी सूर्य उगवला की मोटार चालू, मावळला की बंद.

मी वायरीला करंट मोजायचा क्लॅम्प मीटर लावला आणि म्हणालो, "गुरुजी, बिल हे खातंय."

गुरुजींना पटेना. "अरे, हिला नवीन पाणी कुठं लागतंय? तेच पाणी वर जातंय, तेच खाली येतंय. शेताला पाणी भरताना एवढं पाणी वाहून जातं, तिथं लाइट जळते हे समजू शकतो. इथं तर थेंबसुद्धा घराबाहेर जात नाही."

गणिताच्या मास्तरांना मी तिथंच पायरीवर बसून युनिट शिकवलं. हजार वॅट एक तास म्हणजे एक युनिट. ही मोटार तासाला साधारण एक युनिट ओढते. बारा तास चालली की बारा युनिट. महिन्याची साडेतीनशेच्या वर. गुरुजी ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा परीक्षेत पेपर कोरा राहिलेल्या पोरासारखा होत गेला.

मोनोब्लॉक काढली, चाळीस वॅटची छोटी मोटार पाण्यात सोडली. कारंजं पहिल्यासारखंच उडायला लागलं. गुरुजींनी हुश्श केलं आणि आत जाऊन स्वतः पंख्याचं बटण दाबलं.

बाई वर फिरणाऱ्या पंख्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी सहा महिने मी उकडून निघाले ते फ्रिजमुळं न्हाई. कमळामुळं."

गुरुजी पुढच्या महिन्यात मला भेटले तेव्हा बिल उतरल्याचं सांगायला विसरले. "घरात बोलणं चालू झालंय," एवढंच म्हणाले.

* * *

आबांची गोष्ट वेगळी. आबा शिरूरच्या बाहेर राहतात. त्यांच्या वडिलांपर्यंत सगळे मेंढरं घेऊन फिरायचे, आबाही तरुणपणी फिरले. आता पंधरा एकर बागायत आहे, पोरगा सोसायटीचा संचालक आहे. तरी आबांनी घरापुढं तळं बांधायचं काढलं तेव्हा पोरगं नको म्हणत होतं.

आबा मला म्हणाले, "निम्मं आयुष्य पाणी कुठं घावंल ते हुडकत हिंडलो. आता दारात बसून नुस्तं बघायचंय. प्यायचं न्हाई, पाजायचं न्हाई. बघायचं."

मी चाळीस वॅटची मोटार दिली. ती रात्रंदिवस चालली तर रोजचं एक युनिट, असं सांगितलं. आबांना युनिट काही पचेना.

"एक युनिट म्हंजी नेमकं किती?"

मी म्हणालो, "आबा, टपरीवरचा एक चहा समजा."

आबा मान हलवून निघून गेले. रोज चारच्या सुमाराला बाजारात आले की माझ्या दुकानात टेकायचा त्यांचा शिरस्ता. दुसऱ्या दिवशीही आले. मी नेहमीप्रमाणं चहा सांगितला. आबांनी कप परत केला. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी मला काळजी वाटली.

"आबा, तब्येत बरी हाय ना? शुगर निघाली का काय?"

"मला काय झालंय?" आबा म्हणाले. "माझा चहा माशांनी पिला."

मी म्हणालो, "आबा, इथला चहा तुमच्या बिलात न्हाई. हा माझा हाय."

आबांनी थोडा विचार केला. "आन् तुझ्या दारात तळं झालं म्हंजी? तवा तू काय पिशील?"

मग मात्र कप घेतला.

* * *

माझ्या दारात तळं व्हायला वेळ लागला नाही. माझी बायको सुनंदा. दुकानातून ट्रायलला म्हणून आणलेल्या मोटारी घरी बघून तिनंही हट्ट धरला. परड्यात जुनी सिमेंटची टाकी पडून होतीच. वीस वॅटची मोटार पुरली असती.

मी सगळ्या गावाला युनिट समजावून सांगणारा माणूस. घरात मात्र म्हणालो, "कशाला उगाच? चोवीस तास मीटर फिरत राहणार."

सुनंदा म्हणाली, "दुकानात तुमच्या टेबलावर तो पिवळा बल्ब असतो, तो किती वॅटचा?"

"शंभर."

"दिवसभर चालू असतो ना?"

"असतो."

"तुमचा एक बल्ब बंद केला तर माझी दोन तळी चालतील."

मी मनातल्या मनात गुणाकार केला. बाई बरोबर होती. दोन तळी चालून वर थोडं उरत होतं. दुसऱ्या दिवशी टेबलावर एलईडी लावला आणि संध्याकाळी टाकीत पाणी सोडलं. दुसऱ्या तळ्याचा विषय तिनं अजून काढलेला नाही, पण परड्यातली एक जागा तिनं मोकळी ठेवली आहे.

* * *

संतोष माझा चुलतभाऊ. रांजणगावला एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर ऑपरेटर. फर्स्ट, सेकंड, नाइट, आठवड्याला शिफ्ट बदलते. त्यानं निळा प्लॅस्टिकचा ड्रम मधोमध कापून दारात पुरला, त्यात सहा मासे सोडले. मोटार माझ्याकडून नेली, अठरा वॅटची.

महिन्याभरानं मोटार परत घेऊन आला. "दादा, फॉल्ट हाय हिच्यात. मासे वर येऊन तोंड उघडबंद करत्यात. दम लागल्यासारखं."

मी मोटार बादलीत सोडून बघितली. ठणठणीत होती.

"किती वेळ चालवतोस?"

"मी घरी असंन तवा."

"आन् तू नसशील तवा?"

"तवा बघायला कोण असतंय? रेखा कामात असती. बटण बंद करून जातो. लाइट कशाला जाळायची?"

म्हणजे शिफ्ट, बस, ओव्हरटाइम धरून दहा-बारा तास मासे त्याच साचलेल्या पाण्यात. ओव्हरटाइम जास्त त्या आठवड्यात त्यांचे हाल जास्त. मी त्याला सांगितलं, कारंजं तुझ्या डोळ्यांसाठी असेल, माशांसाठी ती हवा आहे. दोन दिवस चालवून एक युनिट होत नाही. अजिबात बंद करू नको.

तो ऐकून घेईना. तसाच मोटार घेऊन घरी गेला. मी मागोमाग गेलो, कारण मला त्या माशांची दया आली होती. रेखा म्हणजे त्याची बायको दारातच उभी होती. मी तिला सगळं सांगितलं. तिनं नवऱ्याकडं बघितलं.

"सात वर्षं झाली, तुम्हाला कॉन्ट्रॅक्टवर ठेवलंय. मासे तरी परमनंट करा."

संतोष हसला नाही. त्यानं मोटार पाण्यात सोडली, बटण दाबलं, आत जाऊन चिकटपट्टी आणली आणि बटणावर आडवी-उभी लावून टाकली. दोन दिवसांनी फोन आला, सहाच्या सहा मासे खाली पळतायत.

* * *

दौंडचे मामा रेल्वेत गार्ड होते. सगळे त्यांना मामाच म्हणतात. माणूस शिस्तीचा, आणि खरं बोलायचं तर चिक्कू. रोज सकाळी सहाला चहाच्या आधी मीटरचं रीडिंग बघायचे. आज किती, काल किती. मामींनी यावरून त्यांना आयुष्यभर ऐकवलं. "लोक सकाळी देवाला हात जोडत्यात, आमचे मीटरला."

घरापुढं त्यांचंही तळं. चांगलं मोठं, सिमेंटचं. मोटार आणि वायरिंग तिथल्याच कुणी करून दिलेलं.

एकदा मामांचा फोन आला. "रोज पाच युनिट जळतात. आठ दिवस झाले, सात जातायत. दोन युनिट कुठं जातात ते कळत नाही."

मी म्हणालो, "मामा, पाहुणे आले असतील. इस्त्री जास्त झाली असंल."

"काही नाही. मोटार रात्री बंद करून बघितली, तरी तेच."

दुसऱ्या दिवशी परत फोन. तिसऱ्या दिवशी परत. मी म्हणालो, "मामा, दोन युनिटसाठी शिरूरहून दौंडला यायचं म्हंजी माझं पेट्रोल त्याच्या कितीतरी पट जाईल."

मामा म्हणाले, "गाडीचा आवाज नुसता बदलला तरी गार्डला कळतं. तू ये. पेट्रोल मी देतो."

मामा पेट्रोल देतो म्हणतात, म्हणजे काहीतरी गंभीर आहे असं मला वाटलं. दुकानाला सुट्टी होती त्या दिवशी सकाळीच न्हावऱ्यामार्गे दौंडला निघालो.

पोचल्यावर घरातलं सगळं बंद केलं. फ्रिज, पंखे, टीव्ही, सगळं. तळ्याच्या मोटारीचं बटणही बंद. तरी मीटरवरचा लाल ठिपका लुकलुकत होता. काहीतरी वीज ओढत होतं.

मी तळ्यापाशी गेलो. मासे सगळे एका कोपऱ्यात दाटीवाटीनं थांबलेले. एवढं मोठं तळं मोकळं सोडून कोपऱ्यात. मामी म्हणाल्या, "दहा-बारा दिवस झाले, तिथंच बसत्यात. खायला टाकलं तरी मधे येत न्हाईत."

मी लांब टेस्टर पाण्यात धरला. टेस्टर पेटला.

बटण बंद असताना पाण्यात करंट होता. ज्यानं वायरिंग केलं त्यानं बटण चुकीच्या तारेवर बसवलं होतं. बटण बंद केलं की मोटार थांबायची, पण करंट तिच्यापर्यंत येतच राहायचा. आणि पाण्याखालच्या जॉइंटची टेप सुटली होती. मामांची दोन युनिट रोज तळ्यातून जमिनीत जात होती.

मेन बंद करून वायर तोडली. परत मेन चालू केला. मीटरवरचा ठिपका थांबला.

मी मामींना विचारलं, "तुम्ही कधी पाण्यात हात घातला होता?"

"परवा शेवाळ काढाया गेले. हाताला मुंग्या आल्या. म्हटलं वय झालं, वाताचं असंल. म्हणून सोडून दिलं." मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "उद्या सोलापूरवरनं लेक येतीय. दोन्ही पोरं घेऊन."

तीन आणि पाच वर्षांची नातवंडं. मागच्या सुट्टीत दिवसभर त्या तळ्यातच असायची. मामा पायरीवर बसले.

संध्याकाळपर्यंत थांबून सगळं नवं केलं. नवी मोटार, नवी अखंड वायर, बटण योग्य तारेवर, चांगलं अर्थिंग, आणि जरा जरी करंट गळाला तरी आपोआप पडून वीज तोडणारा ब्रेकर. तो ब्रेकर पडतो का ते मामांनी माझ्याकडून पाच वेळा तपासून घेतलं. मासे अंधार पडायच्या आत सगळ्या तळ्यात पांगले.

निघताना मामी मामांना म्हणाल्या, "उद्यापास्नं खुशाल मीटर बघा. मी काय एक बोलायची न्हाई."

दोन दिवसांनी मामांच्या लेकीनं मोबाइलवर फोटो पाठवला. दोन्ही पोरं गुडघाभर पाण्यात, अंगभर भिजलेली, हसतायत. मागं मामा उभे आहेत, आणि त्यांच्या हातात मोटारीचा काढलेला प्लग आहे.

* * *

वढू बुद्रुकच्या अलीकडं एका वस्तीवर अक्का राहतात. एकट्याच. मालक गेल्यापासून त्या घराबाहेर बसेनात, म्हणून त्यांच्या लेकीनं अंगणात छोटं तळं करून दिलं, त्यात कारंज्याची मोटार बसवली. लेक नाशिकला बँकेत आहे. आईचं लाइट बिलही तीच मोबाइलवरून भरते. रोज संध्याकाळी साडेपाचला फोन करते आणि म्हणते, आई, कारंज्यापाशी बस, मला आवाज ऐकू दे.

एकदा लेकीचा मला फोन आला. "काका, मोटारीत काहीतरी बिघाड आहे. पाण्याचा आवाज सलग येत नाही. येतो, थांबतो, परत येतो. आईला विचारलं तर म्हणते लाइट कमी-जास्त होते. तुम्ही एकदा जाऊन बघाल का?"

"कवापासनं होतंय?"

"पहिल्यापासूनच."

दुसऱ्या दिवशी पाचच्या पुढं मी वस्तीवर पोचलो. अक्का बाहेरच बसल्या होत्या. तळ्यात पाणी स्वच्छ, एक कमळाची कळी आलेली. मी मोटार बघायला खाली वाकलो. मोटार पाण्यात होती, पण वायर नीट गुंडाळून रबर लावून कडेला ठेवलेली. प्लगच्या पिनांवरचं कारखान्यातलं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं.

मी अक्कांकडं बघितलं.

अक्का म्हणाल्या, "बिल तिच्याकडं जातंय. सासरचं घर हाय तिचं. आईच्या कारंज्यापायी लेकीला कुणी शब्द बोलाया नको."

मी म्हणालो, "अक्का, पंधरा वॅटची मोटार हाय. महिनाभर रातंदिस चालली तरी दहा-अकरा युनिट. कुणाच्या ध्यानातबी येणार न्हाई."

"तुमचा हिशोब बरोबर असंल," अक्का म्हणाल्या. "पण मला तांब्यानं पाणी घालाया काय बिल येतंय?"

तेवढ्यात फोन वाजला. साडेपाच झाले होते. अक्कांनी मला बोटानं गप्प राहायची खूण केली, फोनचा स्पीकर चालू करून तो तळ्याच्या कडेवर ठेवला, शेजारचा तांब्या बुडवला आणि बोलता बोलता वरून धार धरली. तांब्या रिकामा झाला की धार थांबायची. परत बुडवायचा, परत धार. बोलायच्या नादात मधेच विसरायच्या, मग घाईघाईनं ओतायच्या.

लेक म्हणाली, "आई, बघ, परत थांबलं."

अक्कांनी माझ्याकडं बघितलं आणि तांब्या माझ्या हातात दिला. ओट्यावर दुसरा एक तांब्या होता, तोही मी घेतला. एक ओतायचा, तोवर दुसरा भरायचा. दोन-तीन वेळात हात बसला. धार तुटेना.

अक्का सावरून बसल्या आणि निवांत बोलायला लागल्या. गाय कधी विणार, शेजारणीच्या सुनेला काय झालं, आज भाजी कुठली केली. माझी पाठ भरून आली, पण मी ओतत राहिलो. पाचेक मिनिटांनी लेक मधेच थांबली.

"आई, आज किती छान सलग आवाज येतोय गं. मिस्त्री काका आले होते का?"

"आल्यात," अक्का म्हणाल्या. "हितंच बसल्यात. लई चांगलं काम करत्यात."